मोठी कुत्री घेऊन विदर्भात कॅम्पर व्हॅनने: आधी काय, मग काय

गाडी ठरते, सुट्टी ठरते, चिखलदऱ्याला किती रात्री आणि लोणारला किती हेही ठरतं. मग निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी विचारतं, कुत्री बसवायची कुठे? बहुतेकांची सहल तिथेच बिघडलेली असते, कळतं मात्र तिसऱ्या दिवशी. पंचवीस किलोच्या वरचं कुत्रं बरोबर असेल तर सगळं शेवटाकडून ठरवावं लागतं. आधी त्याला सोसेल असा महिना, मग गाडीत त्याची जागा, मग रात्री ते कुठे झोपेल, आणि सगळ्यात शेवटी कुठे जायचं ते.

माझ्याकडे दोन आहेत. राणी, लॅब्राडोर, ३४ किलो. भीम, जर्मन शेफर्ड, ४१ किलो. म्हणजे गाडीत ७५ किलोचा आणखी एक प्रवासी, ज्याला सीटबेल्ट लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. खालचा क्रम या दोघांना घेऊन चुका करत करत बसला आहे.

## १. आधी महिना, मग ठिकाण

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, एवढेच तीन महिने धरा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मे महिन्यात कुणी निघत नाही. फसवतो तो मार्च. सकाळी गार वारा असतो, आपण टी-शर्टात खूश असतो, आणि दुपारी दोनला पत्र्याच्या गाडीची भट्टी होते. ऑक्टोबरही तसाच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. जाड केसांचं, लठ्ठ किंवा चपट्या नाकाचं कुत्रं त्यातही लवकर थकतं.

पावसाळा मी पूर्ण सोडतो. कपाशीवर फवारण्या त्याच दिवसांत चालतात, गोचीड आणि साप त्याच दिवसांत, आणि काळ्या मातीत रुतलेली साडेतीन टनांची गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. जानेवारीत उलटं होतं. नागपूर-गोंदियाकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. राणी-भीमला त्याचं काही नाही, पण ग्रेट डेन किंवा मुधोळसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला अंगावर झूल लागते.

आता ठिकाण. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर: व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकातून पाळीव कुत्रं आत जात नाही. यात अडवणूक नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-बिबट्यांना होऊ शकतो. तुम्हाला सफारी करायचीच असेल तर एक मोठा माणूस पूर्ण वेळ बाहेर कुत्र्यांजवळ राहील, हे घरीच ठरवून निघा. फाटकावर वाद घालून काही होत नाही. लोणारचं विवरही अभयारण्यात येतं, आणि तळ्याचं पाणी इतकं खारं-क्षारयुक्त आहे की ते कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये.

तपासा: जंगलातून जाणारे काही रस्ते रात्री बंद होतात. परतवाड्याहून वर चढताना किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडे फिरताना, अंधार पडायच्या आत मुक्कामावर पोचता येतंय का ते आधी बघा.

## २. गाडीत त्यांची जागा

सगळे मागच्या दाराजवळ गादी टाकतात, कारण तिथे जागा मोकळी असते. ती जागा सगळ्यात वाईट. मागच्या चाकांच्याही मागे बसलेलं कुत्रं प्रत्येक गतिरोधकावर उडतं, आणि आपल्याकडच्या खेड्यांतल्या गतिरोधकांना ना पट्टे ना पाटी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, खालची, एका बाजूला भिंत असलेली जागा त्यांना द्या.

गुळगुळीत व्हिनाइलवर मोठ्या कुत्र्याचे पाय फाकतात आणि कमरेच्या सांध्यांना मार बसतो. त्यावर जाड रबरी मॅट टाका, गोठ्यात घालतात ती चालते, धुतलीही जाते. चढायला फळी हवी, तिच्यावरही मॅटची पट्टी चिकटवा. सहा वर्षांच्या वरच्या कुत्र्याला गाडीतून उडी मारू देऊ नका.

बांधायचं ते छातीच्या हार्नेसला, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. जोरात ब्रेक लागला तर गळपट्टा फास होतो. दुसरं टोक सीटच्या लोखंडी पायाला किंवा फरशीत बोल्टने बसवलेल्या कडीला. लांबी एवढीच ठेवा की उठता, वळता आणि झोपता येईल, पण ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचता येणार नाही.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. सिलिंडर गळला तर तो आधी फरशीवर साचतो, म्हणजे नेमका कुत्र्यांच्या नाकाशी. गाडी चालू असताना आणि रात्री रेग्युलेटर बंद ठेवा, आणि थंडी कितीही असो, गाडीत शेगडी पेटवून झोपू नका. दुसरी गोष्ट किल्लीची. भीमने एकदा खिडकीशी उभं राहून पंजाने लॉकचं बटण दाबलं. किल्ली आत, कुत्री आत, आम्ही दोघं बाहेर चहाचे कप घेऊन. तेव्हापासून दुसरी किल्ली माझ्या खिशातून हलत नाही.

## ३. पंखा, बॅटरी आणि एसीचा हिशेब

"एसी लावून जातो, तासाभरात येतो." या एका वाक्याने कुत्री मरतात. हिशेब करून बघा. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २,४०० वॅट-तास असतात. साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे १,२००. एक टनाचा एसी साधारण हजार वॅट ओढतो, वर इन्व्हर्टरची गळती. तासाभरात बॅटरी बसते. एसी बंद पडल्याचं तुम्हाला हॉटेलात बसून कळत नाही. बाहेर साधं २४ अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ च्या आसपास होतं. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

म्हणून बॅटरीवर छताचा पंखा चालवायचा. ३० वॅटचा पंखा रात्रभर दहा तास चालला तरी ३०० वॅट-तास लागतात, ते परवडतात. एसी हवाच असेल तर तो शेतघराच्या किंवा लॉजच्या विजेवर, मालकाला विचारून, आणि तेव्हाही माणूस गाडीत हवा.

पाण्याचा हिशेब वेगळा. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं. माझ्या दोघांचे चार लिटर, आणि उन्हात धापा टाकत असतील तर दुप्पट. पाय धुणं, अंग ओलं करणं धरून मी फक्त कुत्र्यांसाठी रोज १५ लिटर घेतो, वेगळ्या कॅनमध्ये. शेतातल्या चरातलं, डबक्यातलं, फवारणीच्या ड्रमजवळचं पाणी त्यांना दाखवूसुद्धा नका. डबक्यातून लेप्टो हा जिवाणूंचा आजार होतो आणि चरात कीटकनाशक उतरलेलं असतं.

## ४. डॉक्टर आणि पेटी

निघायच्या किमान तीन आठवडे आधी डॉक्टरकडे जा, कारण लशीचा परिणाम व्हायला वेळ लागतो. रेबीज, आणि डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची एकत्रित लस. गोचिडाचं औषध वजनावर द्यायचं असतं, म्हणून कुत्र्याचं वजन करून जा, अंदाज सांगू नका. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुस्तिका गाडीत.

वाटेतल्या डॉक्टरांची यादी आधीच करा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची सवय जास्त असते, पण सलाइन, टाके, इंजेक्शन तिथे होतं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक फोनमध्ये घाला. मोठं काही झालं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, यांतलं जवळ कोणतं ते प्रत्येक मुक्कामावर बघून ठेवा.

पेटीत डिजिटल थर्मामीटर, चिमटा, क्रेप बँडेज, सलाइनच्या बाटल्या आणि मुसकं एवढं नक्की. मुसकं बैलांचं नव्हे, कुत्र्याचं जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. कितीही गरीब कुत्रं दुखलं की चावतं. पेटीत असू नये अशीही एक गोष्ट आहे: आपली तापाची किंवा अंगदुखीची गोळी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला स्वतःच्या मनाने द्यायची नाही.

## ५. अंगणातली रात्र

ही पायरी दहातले नऊजण वगळतात. गाडी स्वतःच्या दारात उभी करा आणि कुत्र्यांसकट त्यात एक पूर्ण रात्र काढा. कोण कुणावर पाय देतं, रात्री दोनला कोण भुंकतं, पंख्याच्या आवाजाला कोण घाबरतं, सगळं बाहेर येतं. राणी पहिल्या रात्री झोपलीच नाही; तिला घरातलं जुनं पोतं दिलं तेव्हा पडली.

मग एका सकाळी वीस-तीस किलोमीटर जाऊन परत. ओकारी होते का बघा. तिसऱ्यांदा खरा प्रवास.

तपासा: अंगणात रात्र नीट गेली नाही तर तारीख पुढे ढकला. वावरात ती याहून वाईट जाईल.

## ६. रस्त्यावर: दार उघडायचा क्रम

निघण्याआधी दोन-तीन तास थोडंसं खायला द्या, पोटभर जेवण मुक्कामावर पोचून तासभर शांत झाल्यावर. दर दोन तासांनी थांबा. समृद्धी महामार्गावर थांबे लांब-लांब आहेत, म्हणून चढण्याआधीच कुत्री फिरवून आणा. तिथे कडेला गाडी लावून त्यांना उतरवायचं नाही.

थांबल्यावर क्रम हा, आणि रोज हाच:

इंजिन बंद, हँडब्रेक. एक माणूस एकटा खाली उतरतो आणि बघतो: गावातली कुत्री किती, शेळ्या-बकऱ्या आहेत का, ट्रक कुठून वळतात. मग हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवतो. नाही ठेवता आला तर कुत्र्याचा पंजाही तिथे पडणार नाही. मग आतल्या माणसाने आधी फिरायचा पट्टा लावायचा, नंतर गाडीतला पट्टा सोडायचा. दोन्ही एकाच वेळी सुटलेले असा क्षण यायलाच नको. मग दार. एका वेळी एकच कुत्रं, एका माणसाला एकच कुत्रं.

कारंज्याच्या अलीकडे एका ढाब्यावर मी हा क्रम मोडला. पट्टा लावला होता, पण हातात धरायच्या आधी दार सरकवलं. समोर एक बारकं काळं कुत्रं शेपटी वर करून उभं होतं. भीम माझ्या कुशीतून निघाला तो थेट डांबराकडे. पट्ट्याची मूठ पायरीच्या फटीत अडकली आणि तो तिथेच हिसका बसून थांबला. पुढून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक गेला. पायरीच्या त्या फटीमुळे भीम आज आहे. नंतर ती फट मी वेल्ड करून बुजवली, कारण पुढच्या वेळी तिच्यात त्याचा पाय अडकला असता.

गावातली कुत्री अंगावर आली तर दगड उचलू नका. त्यामुळे मालक बाहेर येतो आणि भांडण सुरू होतं. मी मोठी काळी छत्री ठेवतो. समोर फाडकन उघडली की बहुतेक टोळ्या जागेवर थबकतात.

## ७. मुक्कामाची जागा: विचारून आणि उजेडात

दुपारी चारपर्यंत जागा ठरलेली हवी. ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान जमीन मोकळी दिसते म्हणून ती कुणाची नाही असं समजू नका. सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. खासगी वावर असेल तर मालकाला. भेटायला कुत्री न घेता जा, आणि कुत्री आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा.

आर्वीकडे एका संत्र्याच्या बागेशेजारी मला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या कडुनिंबाखालची जागा आवडली होती. सावली, गवत, सगळं. मालक बैलबंडी सोडत होते. त्यांनी गाडीच्या काचेतून दोघांना नीट बघितलं.

"चावत नाईत ना जी हे?"

"नाही काकाजी. बांधलेलेच राहतील. एक रात्र थांबू का त्या झाडाखाली?"

"तिथं नोका लावू. धुऱ्यानं तार हाय. रातच्याला करंट सोडतो डुकरासाठी. इकडं बंडीजवळ लावा."

रानडुकरांमुळे शेतकरी हैराण आहे, त्यामुळे वावराभोवती काय काय असतं ते विचारायचंच. झटका मशीनच्या तारेने कुत्रं मरत नाही, पण बिथरून पट्टा तोडून पळतं. थेट वीज सोडलेली तार मात्र माणसालाही मारते. त्याहून भयंकर म्हणजे कणकेच्या गोळ्यात गुंडाळलेला गावठी बॉम्ब. डुक्कर चावेल म्हणून ठेवलेला असतो, कुत्रं आधी उचलतं. म्हणून तीन प्रश्न ठरलेले ठेवा: तार कुठे, विष किंवा गोळे कुठे, आणि आठवडाभरात फवारणी कुठे झाली.

जमीन मुरमाड निवडा. काळ्या मातीवर कोरडेपणी गाडी सहज जाते, आणि फेब्रुवारीत एक अवकाळी सर आली की पांदणीतून बाहेर निघत नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा.

सावध: ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या पट्ट्यात प्रकल्पाबाहेरही वाघ फिरतात. तिथे उघड्या रानात मुक्काम नको. गावात, कुंपणाच्या आत, दिव्याखाली.

## ८. संध्याकाळ ते सकाळ

अंधार पडला की कुत्री गाडीत. रात्रभर गाडीत. "राखण करतील" म्हणून बाहेर साखळीला बांधणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग चूक आहे. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. ४१ किलोचा शेफर्डही साखळीला असला की पळू शकत नाही, लढूही शकत नाही. रात्री लघवीला न्यायचं झालं तर दोघांनी, मोठा टॉर्च आधी चारी बाजूंना फिरवून, दारापासून दहा पावलांत.

खाण्याची भांडी, उरलेलं, हाडं रात्री बाहेर ठेवू नका. विष्ठा वीतभर खड्डा करून पुरा, विहीर-नाल्यापासून लांब आणि मालकाच्या पिकात नाही.

सकाळचा अर्धा तास पंजांसाठी राखा. दिवाळीनंतर आपल्याकडचं गवत वाळतं आणि कुसळ सुटतं. त्याचं टोक सुईसारखं, शेपूट दातेरी. केसांत अडकलं की ते फक्त पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरतं, कानात गेलं तर आत जाऊन बसतं. बोटं एकेक फाकवून बघा, कानाची पाळी उलटून बघा, काखा बघा. राणी एकदा तिरकी मान करून सारखं डोकं झटकत होती. मी कान पुसला आणि सोडून दिलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी भूल देऊन पडद्याजवळून कुसळ काढलं. मान तिरकी दिसली की आता मी थेट दवाखाना गाठतो. गोखरू त्यामानाने बरं, लगेच लंगडायला लावतं म्हणून लगेच सापडतं.

याच वेळी गोचीड. चिमट्याने कातडीला लागून धरायचा आणि सरळ ओढायचा. रॉकेल लावायचं नाही, जाळायचं नाही.

## ९. बिघडलं तर

ऊन लागलं: धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डगमगती. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं की थांबायला वेळ नाही. सावलीत न्या, अंगभर साधं पाणी ओता, पोटाला आणि जांघेत जास्त, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. आधी गार करा, मग गाडी चालू करून दवाखान्याकडे. १०३ पर्यंत आलं की पाणी थांबवा. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवाच.

पोट फुगलं: खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जेवणानंतर पळापळ झाली की धोका वाढतो. पोट ढोलासारखं, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, कुत्रं बसत नाही. पोटाला पीळ पडलेला असू शकतो. ओवा, सोडा, काही देऊ नका. काही तासांचाच खेळ असतो, शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी फोन करून निघा.

साप चावला: चीर देणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. चादरीत दोघांनी धरून ४१ किलो नेता येतात का, ते अंगणातल्या रात्री करून बघितलेलं असावं.

कुत्र्याने माणसाला चावलं किंवा ओरबाडलं: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र. तुमच्या कुत्र्याची लस झाली असली तरी समोरच्याला घेऊन तुम्ही स्वतः जायचं. शेळी मारली तर त्याच जागी उभं राहून भरपाई ठरवा. तिथून निघून गेलात तर पुढच्या गाडीवाल्याला त्या गावात कुणी जागा देत नाही.

## १०. परत आल्यावर

त्याच दिवशी मॅट बाहेर काढून फिनेलने धुवा आणि उन्हात वाळवा. गोचीड गाडीच्या फटींत शिरून राहतात, म्हणून सीटखालच्या कडा, पडद्याच्या शिवणी, फळीची खालची बाजू बघा.

गोचीडताप सहलीत दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर रोज संध्याकाळी जेवण संपवलं का आणि हिरड्या गुलाबी आहेत का, एवढं बघा. खाणं सोडलं, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं, की त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि लक्षणं सांगायच्या आधी डॉक्टरांना सांगा की कुत्रं वावरात राहून आलं आहे आणि अंगावर गोचीड सापडले होते. मग ते रक्त तपासायला वेळ लावत नाहीत.